मागची उजवी खिडकी

१२ सप्टेंबर

प्रशिक्षणप्रमुखाचं काम अखेर माझ्या गळ्यात पडलं. बैठकीत सगळेजण एकदम आपापल्या बुटांकडे बघायला लागले, तेव्हाच मी ओळखलं होतं. आमचं हवाई शोधपथक म्हणजे काही सैन्य नव्हे. पगार नाही, गणवेश म्हणून एक पिवळं जाकीट. कुणी शाळेत शिकवतं, कुणी मासे धरतं, मी स्वतः निम्मं आयुष्य शाळेची बस चालवली. पण कुणाचं विमान हरवलं, कुणाची बोट परत आली नाही, की विनिपेगहून लष्कराचा फोन येतो आणि आम्ही आमची चार सीटची विमानं घेऊन निघतो.

पहिल्याच दिवशी मला नवा नियम वाचून दाखवावा लागला. सरावाच्या उड्डाणातही यापुढे प्रवासी नाहीत. शोधात तर पूर्वीपासूनच नव्हते, पण सरावाच्या रविवारी पॅनकेक खाऊन झाले की कुणी बायकोला, कुणी भाच्याला मागे बसवून न्यायचं. ते बंद.

ओरेस्ट पोचिंको उभा राहिला. आमच्यातला सगळ्यांत जुना वैमानिक. गावात एक विमान माझं, दुसरं आहे ते त्याचंच.

"म्हणजे माझी नात माझ्या विमानात बसायची नाही?"

"बसेल की. एरवी मजेत फिरवा तिला. सरावात फक्त चौघं. वैमानिक, शेजारी नकाशा बघणारी, मागे दोन टेहळे. चौघंही शिकलेले."

"आणि मी तू जन्मायच्या आधीपासून उडवतोय, ते?"

"तुमचं वार्षिक तपासणीचं उड्डाण राहिलंय, ओरेस्ट. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी अजून होही म्हटलेलं नाही. ते होईपर्यंत पुढच्या सीटवर नाही आणि मागच्याही नाही."

"बदकांच्या शिकारीचा मोसम संपू दे, प्रमुखबाई. मग बघू," तो म्हणाला आणि लोक हसले. मीही हसले. तिथेच चूक झाली असं आता वाटतंय. पहिल्या दिवशी हसायला नको होतं.

घरी आले तर गिस्ली मासे तळत होता. मी सगळी कहाणी सांगितली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या विमानात माझा नवरा दोनदा बसलाय, आणि दोन्ही वेळा डोळे मिटून. त्यामुळे त्याला यात रस असायचं कारण नव्हतं. पण त्याने विचारलं, "शिकलेला असेल तर चालतं मागे बसलेलं?"

"शिकलेलाच लागतो."

"वय?"

"नजर चांगली हवी. वयाचं काही नाही."

"हं," असं म्हणून त्याने मासा उलटला.

२१ सप्टेंबर

गिस्लीने टेहळ्याच्या वर्गात नाव घातलं! मला न विचारता. तुकडीतल्या आयव्हीने सांगितलं तेव्हा कळलं. पन्हळीतली पानं काढायला शिडीवर चढायचं म्हटलं तर हा माणूस शेजाऱ्याला हाक मारतो. उन्हाळ्यात टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला करमत नाही, हे दिसतंच आहे. पण म्हणून हे?

"बागकाम कर," मी म्हटलं. "कोरस आहे चर्चचा."

"गाता येत नाही मला."

"उडताही येत नाही."

"मला कुठे उडवायचंय? मला खिडकीतून बघायचंय," तो म्हणाला.

२९ सप्टेंबर

हँगरमध्ये वर्ग. मी सगळ्यांना समजावलं, की नजर सारखी फिरवत ठेवायची नाही. एका जागी टेकवायची, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या, जसं आपण बटाटे निवडतो तसं. विमान शोधायचंच नाही. विमान विमानासारखं दिसतच नाही. तुटलेलं झाड शोधा, पाण्यावर तेलाची चकाकी, जिथे काही सरळ असायला नको तिथे सरळ रेघ. काहीही दिसलं तर बोला. आणि नसेल काही तर गप्प.

मग प्रवाशांचा मुद्दा निघाला. तुकडीतल्या कर्टिसने विचारलं, घरच्या माणसाला का नाही न्यायचं, त्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून कोण बघेल? मी म्हटलं, तेच तर. त्याला जे बघायचंय तेच दिसतं. प्रत्येक पांढरा दगड त्याला विमान वाटतो. तो ओरडतो, वैमानिक झाडांच्या शेंड्यांवर गर्रकन वळतो, आणि मग दोन विमानं शोधावी लागतात. शिवाय खरंच काही सापडलं, तर ते कसं असेल ते सांगता येत नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. गिस्ली मात्र माझ्याकडे बघत होता, फळ्याकडे नाही. लक्ष नसतं त्याचं.

दुपारी त्याचं पहिलं उड्डाण. मागची उजवी खिडकी. पहिल्या वळणालाच ओकायची पिशवी काढली. उतरल्यावर त्याचा चेहरा कोबीच्या पानासारखा झाला होता. तरी म्हणाला, "पुन्हा कधी?"

११ ऑक्टोबर

आजही तेच. पिशवी. मी त्याला गाडीत नीट सांगितलं, की जमिनीवरही माणसं लागतात. रेडिओवर बसायला, तेल भरायला, कॉफी करायला. त्यात कमीपणा काही नाही.

"नाही," तो म्हणाला. एवढंच.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो तो असा. तब्येतीकडेही लक्ष नाही त्याचं. मी सरावाला गेले की दुपारचं जेवण तसंच झाकलेलं सापडतं. डॉक्टरला दाखव म्हटलं तर हसण्यावारी नेलं. आणि स्वयंपाकघरात खिडकीशी एक जुना रेडिओ आणून ठेवलाय, विमानांचं बोलणं ऐकू येतं असला. म्हणे हवामान ऐकायला. हवामान फोनवर कळत नाही का?

१७ ऑक्टोबर

फोन दुपारी जेवताना आला. लोर्न सेटी हरवलाय. पाण्यावर उतरणारं, तरंगत्या पायांचं त्याचं विमान, मोसमाचं शेवटचं सामान आणायला उत्तरेच्या मासेमारीच्या तळावर गेला होता. काल संध्याकाळी परतायला हवा होता. संकटात आपोआप हाक देणारं यंत्र विमानात असतं, पण त्याचा काही आवाज नाही. तळी अजून गोठलेली नाहीत, पण रात्री पाणी काठाने पांढरं होतंय.

ओरेस्टचं विमान उभंच राहणार, बदकांच्या कृपेने. म्हणजे मी एकटी. शेजारी लीओना फ्रीसन नकाशा घेऊन, मागे आयव्ही आणि कर्टिस.

निघायच्या आधी लोर्नची बायको आली. वायोला. एवढी मोठी बॅनक रोटी फडक्यात बांधून. सगळ्यांसमोर ठेवली आणि सरळ माझ्याकडे आली.

"मला घे."

"वायोला, आधी बस."

"बसायला नाही आले. वारा उलटा असला की लोर्न कुठल्या तळ्याकडे वळतो, चहाला कुठे उतरतो, ते माहितीये तुमच्यातल्या कुणाला? मला मागे बसव."

"नकाशावर दाखव. लीओना खुणा करून घेईल."

"नकाशावर नाही येत ते. वरून बघितलं की आठवतं."

"नेता येत नाही ग. प्रवासी चालत नाही. घरचं माणूस तर नाहीच."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलले.

"मी प्रवासी?" ती म्हणाली. "लोर्नची बायको प्रवासी?"

माझ्याकडे उत्तर होतं. वर्गात दिलं होतं तेच. गिस्लीने शेगडीजवळ एक खुर्ची आणून ठेवली आणि तिच्या शेजारी दुसरी. मग ती बसली.

नकाशावर आखलेला शोधाचा पहिला चौकोन पूर्ण पाहिला. काही नाही.

१८ ऑक्टोबर

उजेड आहे तोवर उडलो. लष्कराचं मोठं विमान पूर्वेकडे, आम्ही पश्चिमेकडे. दलदल, तामरक झाडं, पुन्हा दलदल. कर्टिसला एकदा काही पांढरं दिसलं, खाली जाऊन पाहिलं तर पेलिकन पक्षी. या दिवसांत पेलिकन! त्याचाही मोसम चुकला असेल.

परत आले तर गिस्ली आणि वायोला शेगडीशी तसेच बसलेले.

"दिवसभर काय केलंत?" मी विचारलं.

"काही नाही," गिस्ली म्हणाला.

वायोला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याचे कान बघ कसले आहेत. कुणाला काही ऐकू यायच्या आधीच उठून उभा राहिला, म्हणाला, आली. मला वाटलं ट्रक असेल."

चला, कान तरी शाबूत आहेत. मी त्याला जरा रागावलेच, तुकडीत नाव घातलंयस तर बसून राहण्यापेक्षा तेलाचे डबे तरी हलवायचेस. तो बरं म्हणाला.

१९ ऑक्टोबर

ढग झाडांना टेकलेले, वरून चिखलासारखा बर्फ. कुणीच उडलं नाही. वायोला तरीही आली. दिवसभर खिडकीजवळ.

२० ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढे मी ते माझ्या सोयीने आठवेन.

सकाळी आभाळ काचेसारखं स्वच्छ. वारा नाही. असा दिवस शोधाला महिन्यातून एखादा मिळतो. मी उजाडायच्या आधीच विमानावरचं दहिवर पुसत होते. तेवढ्यात कर्टिसच्या बायकोचा फोन. त्याला ताप भरलाय, उठून बसता येत नाहीये.

मागे एकटी आयव्ही. एका बाजूची खिडकी रिकामी. एका टेहळ्याने शोधाला निघायचं नाही, आणि न शिकलेला माणूस त्या सीटवर बसवायचा नाही. दोन्ही नियम मीच फळ्यावर लिहिले होते.

ओरेस्ट तिथेच होता. "गिस्लीला घे. त्याचं फक्त शेवटचं परीक्षेचं उड्डाण राहिलंय."

गिस्ली दारात उभा होता. पिवळं जाकीट गळ्यापर्यंत लावलेलं. "घेऊन चल मला," तो म्हणाला.

"तू दर वेळी आजारी पडतोस."

"पिशवी घेऊन बघेन."

"पिशवीत तोंड असताना खाली जे निघून जातं ते परत बघता येत नाही, गिस्ली."

"मग मला घे," वायोला म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"नाही," मी म्हटलं.

ओरेस्ट भडकला. "अगं, माणूस मरतोय तिकडे! कसला नियम घेऊन बसलीस? आम्ही शेतकरी, मासेमार, जो सापडेल त्याला मागे बसवून शोधायचो. आणि सापडायचेही!"

"तुम्ही बदकं सोडून तपासणी करून घेतली असतीत, तर आज दोन विमानं असती," मी म्हटलं. मला ते बोलून बरं वाटलं, आणि मग लगेच वाईट वाटलं.

मी शेजारच्या तुकड्यांना फोन लावले. दक्षिणेच्या गावातली एक नर्स शिकलेली टेहळी होती, नुकतीच ड्यूटीवरून सुटलेली. ती निघते म्हणाली. गिस्लीने गाडी काढली आणि अर्ध्या वाटेत तिला घ्यायला गेला, म्हणजे तिला तेवढं तरी झोपता येईल. आम्ही थांबलो. ऊन वर आलं. विमान धावपट्टीवर तयार उभं, तेल भरलेलं, आणि मी त्याच्या पंखाखाली उभी. आयुष्यात इतकं सुंदर आभाळ मला इतकं नकोसं कधी झालं नव्हतं.

नर्स आली तेव्हा दुपार झाली होती. लगेच उडालो. पण पश्चिमेकडून ढग आलेच. तळ्यांच्या पलीकडे बर्फाच्या भुरभुरीत शिरलो आणि इंजिन खोकायला लागलं. हवा घेण्याच्या नळीत बर्फ धरला होता. गरम हवेचा दांडा ओढला की इंजिन आधी आणखीच गडगडतं, मग सुधारतं, हे मला माहीत होतं. त्या वेळात चौघींपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. लीओनाने फक्त वेळ आलीच तर पोटावर टेकता येईल असं जवळचं उथळ पाणी बोटाने दाखवलं. इंजिन सुधारलं. मागून आयव्ही नेहमीच्या आवाजात म्हणाली, "डावीकडे काही नाही." नर्स म्हणाली, "उजवीकडे काही नाही."

मागे वायोला असती तर? गिस्ली असता तर? कदाचित तेही गप्प बसले असते. मला माहीत नाही.

काही सापडलं नाही.

२१ ऑक्टोबर

सापडला! जिवंत! लष्कराच्या विमानाने सकाळी बघितलं, आम्ही काल पाहून झालेल्या चौकोनाच्या शेजारीच. लव्हाळ्यांत उलटं पडलेलं विमान, काठावर फांद्यांचा आडोसा. गळ्याजवळचं हाड मोडलंय, पाय गारठलेत, पण शुद्धीवर आहे.

हँगरमध्ये सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. ओरेस्ट रडला आणि मोतीबिंदूवर ढकललं. वायोला कुणाच्या गळ्यात पडली नाही. गिस्लीचा हात हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली आणि मग विनिपेगच्या इस्पितळाकडे निघाली.

आम्ही घरी येऊन दुपारभर झोपलो.

२६ ऑक्टोबर

विनिपेगला जाऊन लोर्नला भेटून आले. जायला नको होतं, पण गेलेच. विनार्तेर्ता केक नेला होता, आलुबुखाराचे सात थर घातलेला, आईच्या पद्धतीने. त्याच्या डाव्या पायाची बोटं काढावी लागली.

लोर्न आनंदात होता. बोलका माणूस. सांगत होता, विस्तव कसा पेटवला, पेट्रोलचा बोळा कसा केला. मग म्हणाला, "सगळ्यात चांगला जाळ तर त्या स्वच्छ दिवशी झाला. सकाळी. वारा अजिबात नाही, धूर सरळ खांबासारखा वर. म्हटलं, आता आंधळ्यालाही दिसेल. दुपारनंतर लाकडं भिजली. संध्याकाळी तुमचं बारकं विमान ऐकलं मी, पण तोवर काही पेटेना."

वायोला पलंगाच्या पलीकडे बसली होती. ती माझ्याकडे बघत होती. तिला आधीच माहीत होतं.

मी केक कापून दिला.

२७ ऑक्टोबर

त्या सकाळी आयव्हीला घेऊन एकट्या डाव्या खिडकीवर निघाले असते तरी धूर दिसला असता. गिस्ली ओकत असता तरी दिसला असता. वायोलाला तर धावपट्टीवरूनच दिसला असता, असं वाटतं कधीकधी. बोटं वाचली असती.

आणि इंजिन? ते दुपारी खोकलं. सकाळी खोकलं नसतंच.

हे असं मांडत बसलं की नियम मूर्ख वाटतो. पण मी नियम एका सकाळीसाठी नव्हता मांडला. दर वर्षीच्या सगळ्या सकाळींसाठी मांडला होता. त्यातली एक लोर्नची निघाली.

गिस्लीला विचारलं, "मी चुकले का?"

तो गाजरं सोलत होता. "तू परत आलीस," तो म्हणाला.

मी त्याला म्हटलं, माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. तो म्हणाला, दिलं की.

८ नोव्हेंबर

पद सोडायचं ठरवून बैठकीला गेले. ओरेस्टनेच अडवलं. तो उभा राहून म्हणाला, "माझी तपासणी झाली परवा. पास. डॉक्टरही हो म्हणाले. हे मी ऑगस्टमध्ये केलं असतं तर ती सकाळ फुकट गेली नसती. तेव्हा प्रमुखबाईंनी जाऊ नये. मला जरा घाबरून राहायला कुणीतरी हवं."

त्याच संध्याकाळी नव्या वर्गाला वायोला आली. मागच्या बाकावर बसली. मला वाटलं काही बोलायला आलीय.

वर्ग संपल्यावर म्हणाली, "मला अजून तुझा राग येतो."

"माहितीये."

"जाईल का नाही ते सांगता येत नाही. पण त्या दिवशी तुला एक माणूस कमी होतं. पुढच्या वेळी ते मी असेन. शिकव."

जाता जाता थांबली. "तुझा नवरा त्या सगळ्या दिवसांत माझ्याशी जवळजवळ एक शब्द बोलला नाही. बाकी सगळे बोलत होते, देव आहे, काळजी करू नको. तो नुसता शेजारी बसायचा, माझ्याइतकाच वेडा होऊन."

गिस्ली वेडा? मी म्हटलं, त्याला मुळातच बोलायची सवय नाही.

३ डिसेंबर

गिस्ली पास झाला! परीक्षेच्या उड्डाणात आजारी पडला, पण नजर बाहेर ठेवून. झाडीत लपवलेली ताडपत्री त्यानेच आधी पाहिली. परीक्षक म्हणाला, असा चिवट म्हातारा बघितला नाही. मी घरी येऊन त्याच्या आवडीचं मेंढीचं धुरावलेलं मांस केलं.

त्याने दोनदा वाढून घेतलं. मग विचारलं, "आता तुझ्या मागे मी?"

मी सांगितलं, नाही, तू ओरेस्टच्या विमानात. खऱ्या शोधात एका घरातली दोन माणसं एका विमानात द्यायची नाहीत, अशी आमच्यात रीत आहे. काही झालंच तर एक तरी मागे राहायला हवा. वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी; त्या ऑक्टोबरच्या सकाळी पिशवीचंच कारण पुरलं.

त्याने चमचा खाली ठेवला.

"ऐकलं नाही मी ते," तो म्हणाला.

"तुझं लक्ष नसतं म्हणून सांगते ना."

मला वाटलं होतं, माझ्या बोलण्यातून सुटला म्हणून खूश होईल. पण तो उठून भांडी घासायला लागला, अजून जेवण संपलेलं नसताना. "मग तुझ्या उजव्या खिडकीत कोण?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"कर्टिस. नाहीतर वायोला, तयार झाली की."

"तिची नजर चांगली आहे," तो म्हणाला.

१८ जानेवारी

आज सराव होता. माझा घसा दुखत होता म्हणून मी उडाले नाही, रेडिओवर बसले. ओरेस्टचं विमान वर. लीओना पुढे, मागे आयव्ही आणि गिस्ली. गिस्लीने जाताना टोपी कानांवर ओढली आणि मला हात केला, जसा पूर्वी टपालाच्या गाडीतून करायचा.

परतायची वेळ झाली तेव्हा सरोवरावरून बर्फाची भिंत आली. इकडे ती अशीच येते, न सांगता. धावपट्टीचं दुसरं टोक दिसेनासं झालं. मी हाक दिली. उत्तर नाही. झाडांच्या उंचीवर असले की रेडिओ पोचत नाही, हे मी स्वतः शिकवते. अनुभवी वैमानिक अशा वेळी वळून दुसरीकडे उतरतो, हेही मी शिकवते. ओरेस्टच्या हाताखाली ते विमान किती वर्षं आहे, ते मला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

तरी मी पुन्हा हाक दिली. मग पुन्हा. वायोला तिथेच होती, जमिनीवरचं काम शिकायला आलेली. मी काहीबाही बोलत होते, की तेल भरपूर आहे, थंडीत इंजिन उलट बरं चालतं. तिने एक खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. तेव्हा मी खरी घाबरले. उडताना मी अशी कधी घाबरलेले नाही. इंजिन खोकलं तेव्हाही नाही. वर काहीतरी करायचं असतं. दांडा ओढायचा असतो. इथे काही नव्हतंच ओढायला.

फोन वाजला तो भिंतीवरचा. ओरेस्ट.

"दक्षिणेच्या पट्टीवर उतरलोय. चौघंही ठीक. इंजिन अजून चालूच आहे बघ, ऐकू येतंय ना? तुझा नवरा बंद करू देईना. म्हणाला, आधी तिला फोन लाव, मग बाकीचं."

मी बरं म्हटलं. आणि फोन ठेवून वायोलाला सांगितलं, चौघंही ठीक.

१९ जानेवारी

रस्ता मोकळा झाल्यावर आज सकाळी गिस्ली ओरेस्टच्या मुलाच्या गाडीतून घरी आला. मी दारातच उभी होते. त्याने बूट काढले, पायमोजे शेगडीवर टाकले.

"दर वेळी असं होतं?" मी विचारलं.

काय ते मी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

"दर वेळी," तो म्हणाला.

"आणि म्हणून तू पिशवी घेऊन घेऊन..."

"वर काम असतं. खाली नुसतं ऐकत बसायचं."

"सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर उडणं सोडलं असतंस?"

मी खरं ते म्हटलं. "नाही."

"तेच," तो म्हणाला, आणि कॉफी आहे का विचारलं.

होती. मी ओतली.

९ फेब्रुवारी

वर्ग. आज नकाशे आणि चौकोन झाल्यावर मी एक गोष्ट सांगितली, जी वरून कुणी कळवलेली नाही, माझीच आहे. विमान परत वळलं की वैमानिकाने लगेच तळावर कळवायचं. रेडिओ पोचत नसेल तर पोचेल त्या उंचीवर गेल्या गेल्या. आणि रेडिओवर जो असेल त्याने, तिथे घरचं माणूस वाट बघत बसलं असेल तर, उठून त्याच्याजवळ जाऊन ते सांगायचं. लांबून ओरडून नाही. जवळ जाऊन.

"घरचं माणूस म्हणजे हरवलेल्याचं, की आपल्यापैकी कुणाचं?" कर्टिसने विचारलं.

"कुणाचंही."

गिस्ली खिडकीतून बाहेर बघत होता, पण आज त्याचं लक्ष होतं.

वायोलाने हात वर केला. "आणि हरवलेला अजून सापडलाच नसेल तर? मग जवळ जाऊन काय सांगायचं?"

"एवढंच, की विमान परत येतंय."

तिने विचार केला. हँगरच्या पत्र्यावरून बर्फ घसरून पडल्याचा आवाज आला.

"पुरतं तेवढं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवसापर्यंत पुरतं."